भंगारातली हत्यारं आणि तीस मोहरक्या

हे प्रकरण शिरपूर तालुक्यातल्या एका चर्मकार घरातलं आहे. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली, पण नाव-गाव नको म्हणाले. म्हणून इथे फक्त आप्पा आणि त्यांचा पुतण्या. मी निवृत्त फिटर निदेशक, म्हणजे फिटरचं काम शिकवणारा. पुतण्या ज्या गॅरेजात होता त्याचा मालक माझा जुना विद्यार्थी, त्या ओळखीने मी यात पडलो. एका ठिकाणी माझाच सल्ला फसला. तो भागही गाळलेला नाही.

पार्श्वभूमी

आप्पांनी साठी ओलांडली आहे. चपला शिवायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या, पोळ्याच्या आधी घुंगरमाळेचे पट्टे करून द्यायचे, आणि वर्षातून एकदा घोड्यांचं सामान, असा त्यांचा धंदा. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सुरू होते आणि तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. घोडा विकला जातो तिथेच लगाम, तंग, खोगीर, मोहरकी (घोड्याच्या तोंडाभोवती बांधायचे पट्टे) हेही विकलं जातं. आप्पा वर्षानुवर्षं पाच-सात मोहरक्या करून कुणाच्या तरी दुकानात ठेवत. मोठी ऑर्डर कधी आली नव्हती.

हत्यारं मोजकीच. चामडं कापायची एक रापी, शिलाईची भोकं पाडायच्या दोन आऱ्या, हातोडी, चपला ठोकायची तीन पायांची ऐरण, मेणाचा गोळा. रापी त्यांच्या वडिलांच्या हातची. तिचं पातं झिजून निम्मं उरलंय आणि मूठ बोटांच्या आकाराची झालीय.

पुतण्या चोवीस वर्षांचा. हायवेवरच्या गॅरेजात दोन वर्षं हेल्पर होता, मग काकांच्या हाताखाली बसला. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग हाताळलेलं. चामड्याचा हात अजून कच्चा, लोखंडाचा बरा. ही जोडी जमेल असं मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. जमली, पण मधे आठ दिवस काका-पुतण्या एकमेकांशी बोलत नव्हते.

अडचण

दिवाळीच्या सुमारास एका घोडेव्यापाऱ्याने तीस मोहरक्या मागितल्या. दत्तजयंतीला दीड महिना होता. आप्पांनी नमुना दिला तो चौथ्या दिवशी परत आला. बकलाची भोकं फाटली होती आणि टाके कुठे जवळ, कुठे लांब. "माल दणकट आहे आप्पा, पण घोड्याने मान झटकली की भोक लांबतं," एवढंच तो म्हणाला.

भोक का फाटलं, याचं उत्तर सोपं आहे, पण ते कळायला आम्हाला अर्धा तास लागला. आरीने पडतं ते खरं भोक नसतं, ती चीर असते. आरी चामडं कापून काढत नाही, बाजूला सारते. चपलेच्या शिलाईला तेच हवं असतं, कारण दोरा गेला की चीर मिटते. पण बकलाचा काटा त्या चिरेत बसला आणि ओढ लागली, की चिरेच्या टोकापासून फाटणं सुरू होतं. गोल पंचाने, म्हणजे वरून ठोकायच्या पोकळ टोकाच्या हत्याराने, चामड्याची टिकली कापून निघते, भोकाला कोपरा राहत नाही, म्हणून फाटायला सुरुवातच मिळत नाही.

एका मोहरकीला दोन बकलं, प्रत्येकी पाच भोकं. म्हणजे तीनशे भोकं. शिवाय प्रत्येक बकलाच्या काट्यासाठी एक लांबट खाच. त्यातच टाक्यांचं अंतर सारखं हवं, पट्ट्यांची रुंदी सारखी हवी, कडा गोल आणि घासलेल्या हव्यात. यातलं काहीही रापी आणि आरीच्या भरवशावर दीड महिन्यात होणार नव्हतं.

व्यापाऱ्याने दिलेला विसार चामडं, बकलं आणि कड्यांतच संपला. हत्यारांसाठी हातात हजार-बाराशे रुपये.

पर्याय

ऑनलाइन संच घ्यावा, हा पुतण्याचा पहिला विचार. त्याने मोबाइलवर दाखवला तो संच स्वस्त होता, पण पंचाच्या चित्रात धारेवरच मुलामा चमकत होता. पातळ पाकीट-पर्सच्या चामड्याला तो चालला असता. आमचं चामडं म्हशीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं, चार मिलिमीटर जाड, आणि पट्टा दुहेरी. बरे पंच वेगवेगळे घ्यायचे तर बजेट तिथेच संपत होतं.

गावच्या लोहाराकडून करून घेणं हा आप्पांचा पर्याय. लोहार चांगला आहे, पण त्याचं काम विळा, कुऱ्हाड, वखराची पास. पाच मिलिमीटरचं भोक असलेला पंच त्याने कधी केला नव्हता आणि रब्बीच्या तोंडावर त्याला वेळही नव्हता.

तिसरा पर्याय भंगाराचा. मुंबई-आग्रा महामार्ग शिरपूरवरून जातो. गॅरेजं, बॉडीवाले, टायरवाले आणि त्यांच्या मागे भंगारवाले. चांगलं पोलाद इथे किलोवर मिळतं. पुतण्याला त्याचाच उत्साह होता आणि मलाही. हो म्हणताना मी एक प्रश्न विचारायला हवा होता: हत्यार करायला किती दिवस देणार? तो विचारला नाही. पैशांचा हिशेब कागदावर मांडला, दिवसांचा नाही.

काय केलं : रापी

सुरुवातच वाकडी झाली. पुतण्याने आप्पांची रापी "जरा धार लावून देतो" म्हणून गॅरेजात नेली आणि बेंच ग्राइंडरवर धरली. दोन मिनिटांत पात्याच्या टोकाला निळा रंग चढला. त्याला तो छान वाटला. घरी आल्यावर आप्पांनी चामड्यावर एकदा ओढून पाहिलं आणि रापी खाली ठेवली. "मनी रापी मरनी," माझी रापी मेली, एवढंच अहिराणीत बोलले. नंतर ते आठ दिवस.

झालं काय, तर साधं कार्बन पोलाद सुमारे तीनशे अंशांना तापलं की निळं दिसतं, आणि तोवर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं. धार दिसते, टिकत नाही. निळा भाग सहाणेवर, पाण्यात भिजवत, हळूहळू घासून काढला तेव्हा रापी परत कामाची झाली, पण पात्याचे चार-पाच मिलिमीटर गेले. वडिलांच्या हातच्या वस्तूचे चार मिलिमीटर.

दुसरी रापी केली ती पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची. फॅब्रिकेशनच्या दुकानात जाड सळ्या कापणाऱ्या मशीनचं हे पातं, सव्वा इंच रुंद. दात तुटले की फेकतात. ते हायस्पीड स्टीलचं असेल तर ग्राइंडरवर निळं पडलं तरी काही बिघडत नाही, कारण ते मंद लाल तापेपर्यंत कडक राहायलाच बनवलेलं असतं. आप्पांच्या रापीला जो रंग म्हणजे मरण, तोच या पात्याला नुसता डाग.

पण इथेही एक मेख आहे. काही पात्यांत फक्त दातांची कड हायस्पीड असते आणि पाठ साध्या स्प्रिंगच्या पोलादाची. आम्ही आणलेल्या तीनपैकी एक तसं निघालं. ओळख अशी: पाठीवर कानस फिरवायची. कानस घसरली, काचेवरून गेल्यासारखी, तर सगळं पातं कडक. कानस चावली तर ते बाजूला ठेवायचं. चांगल्या पात्याला तिरकी धार काढली, मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे दिले. एका दुपारचं काम, खर्च शून्य. यात आम्ही पास झालो, पण कारण कुणाच्याच लक्षात आलं नाही: त्या पात्याचं आधीचं कामही कापण्याचंच होतं.

काय केलं : पंच

पंचावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या.

पहिला प्रयत्न पट्ट्याच्या टोकाचा. वीस मिलिमीटरच्या पट्ट्याला अर्धगोल टोक हवं. पुतण्याने पाऊण इंची जीआय पाइप उभा चिरला, एक अर्ध घेतलं, बाहेरून धार काढली. आकार इतका नेमका जमला की त्याने मला फोटो पाठवला. मग त्याने मिनी ट्रकच्या ब्रेक ड्रममध्ये कोळसा पेटवला, हातपंख्याने वारा दिला आणि पाइप लाल केला. पांढरा धूर निघाला, वर कापसासारखी राख तरंगली. तो भट्टीवर वाकून बघत होता.

रात्री दहाला हुडहुडी भरून ताप आला. घसा कोरडा, तोंडाला धातूची चव, अंग ठेचल्यासारखं. घरच्यांना मलेरिया वाटला. डॉक्टरांना मी फोनवर जस्ताच्या धुराचं सांगितलं तेव्हा त्यांनी रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं, श्वासाला त्रास झाला तर लगेच आणा म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. जीआय पाइपावरचा थर जस्ताचा असतो. तो भट्टीत जळतो, आणि तो धूर छातीत गेला की काही तासांनी असा ताप येतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप ओळखीचा असतो. पुतण्याने गॅरेजात दोन वर्षं काढली होती, पण त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

एवढं करून पंच चालला नाही. पाइप मवाळ पोलादाचा, त्यात कार्बन इतका कमी की कितीही पाणी द्या, म्हणजे लाल करून बुडवा, तो कडक होत नाही. दहाव्या ठोक्याला धार कानासारखी दुमडली.

दुसरा प्रयत्न माझा. बकलाच्या खाचेसाठी दोन गोल भोकं पाडून मधला भाग कापायचा होता. मी म्हटलं, मोटरसायकलची गजन पिन घे. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी ही पिन पोकळ असते, आरशासारखी घासलेली असते, आणि कानस लावाल तर घसरते. भोक आठ मिलिमीटरच्या आसपास. पुतण्याच्या गॅरेजात डबाभर पडल्या होत्या. तापवायचीही गरज नाही, नुसती धार काढ. मला स्वतःच्या सल्ल्याचं कौतुक वाटलं होतं.

पंधरा खाचांनंतर धार वळली. मी विश्वास ठेवेना. पिन हातात घेऊन कानस लावली: बाहेरून घसरते, धारेवर चावते. मग डोक्यात प्रकाश पडला. गजन पिन फक्त कातडीवर कडक असते, आत गाभा नरम. तो नरम असावाच लागतो, नाहीतर स्फोटाच्या धक्क्याने ती काचेसारखी फुटेल. आम्ही बाहेरून तिरकी धार काढली तेव्हा ती कडक कातडी खरवडून टाकली. धार उरली ती आतल्या भोकाच्या कडेला, आणि या पिनच्या आतलं भोक कडक केलेलं नव्हतं. पंचाची धार बाहेरूनच काढावी लागते, नाहीतर भोकाची कड तिरकी पडते. म्हणजे ज्या गोष्टीमुळे पिन चांगली वाटली, तीच धार काढताना नाहीशी होणार हे ठरलेलंच होतं. अडतीस वर्षं मुलांना केस हार्डनिंग शिकवलं मी. फळ्यावर.

इथे आम्ही थांबलो. दहा दिवस गेले होते. पुतण्या म्हणाला, "सर, आपण पोकळ काय मिळतंय तेच शोधतोय." तो बरोबर होता. पंच पोकळ असतो म्हणून आम्ही नळ्या शोधत होतो. आधी पोलाद शोधायचं, पोकळ नंतर करता येतं.

मग ठिणग्यांची परीक्षा सुरू केली. भंगारातला तुकडा ग्राइंडरला टेकवायचा आणि ठिणगी बघायची. मवाळ लोखंडाची ठिणगी लांब, सरळ, फाटे थोडे. कार्बन जास्त असेल तर ठिणगी जवळच फुटते, दिवाळीच्या फुलबाजीसारखी दाट. हायस्पीडची मंद, लालसर, फुलत नाही. ही परीक्षा अचूक नाही, पण पाइप आणि स्प्रिंग यांतला फरक लहान पोरालाही दिसतो. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला उठून जवळ आले आणि विचारलं, "हाई काय शे?" आठ दिवसांनंतरचे पहिले शब्द.

ते कारच्या सस्पेन्शनचं कॉइल स्प्रिंग होतं, बारा मिलिमीटर जाड सळीचं. ठिणग्या फुलबाजीच्या. एक वेढा कापून, लाल करून सरळ केला. मग पुन्हा लाल करून चुलीच्या राखेत रात्रभर गाडला, म्हणजे सावकाश थंड होऊन मऊ पडेल. असा मऊ न करता ड्रिल लावला असता तर ड्रिलच मोडला असता. सकाळी लेथवाल्याकडून टोकात पाच मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं, वीस मिलिमीटर खोल. बाजूने कानशीने खिडकी पाडली, कापलेल्या टिकल्या तिथून बाहेर पडाव्यात म्हणून. बाहेरून धार.

आता पाणी द्यायचं. आप्पा म्हणाले, लाल कर आणि पाणी दे. पुतण्याने लाल केला आणि बादलीत बुडवला. 'टिक्' असा बारीक आवाज आला. भोकापासून खिडकीपर्यंत केसाएवढी चीर. आपल्या भाषेत हत्याराला पाणी देतात, पण स्प्रिंगचं हे पोलाद पाण्याचा झटका सोसत नाही. त्याला तेल लागतं. शब्दाप्रमाणे वागला पोरगा, त्याला काय बोलणार!

लेथवाल्याला पुन्हा पैसे. दुसऱ्या तुकड्याला सरकीचं तेल, कोमट करून, लोखंडी डब्यात, झाकण हाताशी ठेवून, कारण तेल भडकू शकतं. इंजिनचं काळं तेल फुकट मिळत होतं, ते मी घेऊ दिलं नाही. त्याचा धूर आणि त्यात काय काय असतं ते मला माहीत आहे. आपला मुलूख कपाशीचा, सरकीचं तेल कोपऱ्यावर मिळतं. किती तापवायचं हे चुंबकाने ठरवलं. स्पीकरचा जुना चुंबक तारेला बांधला. लाल झालेल्या पोलादाला तो चिकटायचा थांबला की त्यापुढे थोडंसं तापवून तेलात. मग कानस लावून पाहिली, घसरली. तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण असं पोलाद कडक पण ठिसूळ असतं. धारेजवळचा भाग पॉलिश पेपरने चमकवला, जाड तव्यावर ठोकायच्या बाजूने तापवत नेला. रंग सरकत येतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. धारेशी तपकिरी पोचून जांभळा मागे दिसला तेव्हा पुन्हा तेलात. ठोके खाणारं हत्यार म्हणून रापीपेक्षा थोडं नरम ठेवलं. डोक्याची बाजू मुद्दाम मऊच सोडली, नाहीतर हातोडीच्या घावाने तिचे कपचे उडतात.

हा तेरावा दिवस. पहिलं भोक आप्पांनी पाडलं. टिकली खिडकीतून उडून त्यांच्या मांडीवर पडली, ती त्यांनी उचलून खिशात घातली.

त्याच सळीतून खाचेसाठी आठ मिलिमीटरचाही पंच केला. त्याला दीड दिवस लागला. पहिल्याला तेरा.

काय केलं : ऐरण आणि खालचा ठोकळा

चपलेची ऐरण पंचाला चालत नाही, धार लोखंडावर आपटते. भंगारवाल्याने रुळाचा फूटभर तुकडा दाखवला, "भुसावळकडचा आहे, एक नंबर ऐरण होईल." होईल, यात शंका नाही. पुतण्याचे डोळे चमकले. इथे मी आवाज चढवला. रेल्वे मालमत्ता बेकायदा ताब्यात ठेवण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला आणि तो चोरीचा असल्याचा वाजवी संशय आला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे तुम्हाला दाखवावं लागतं. पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भंगारवाला पावती देणार नव्हता. रूळ तिथेच राहिला.

त्याऐवजी मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या लाकडाचा ठोकळा, लाकडाचे तंतू उभे राहतील असा, म्हणजे पंचाची धार तंतूंच्या मधे घुसते आणि बोथट होत नाही. त्याखाली घरातल्या जात्याची तळी, वजनासाठी. जातं कुणी वापरत नव्हतं, पण आजीबाईंनी दोन दिवस कुरकुर केली.

बाकीची हत्यारं

टाक्यांचं अंतर आखायला फळं खायचा लहान काटा घेतला. त्याचे दात सरळ केले, टोकं चपटी केली. दातांतलं अंतर सहा मिलिमीटरच्या आत होतं, मोहरकीला तेवढं योग्य. काटा स्टेनलेसचा, कडक होत नाही, म्हणून त्याने भोक पाडायचं नाही, फक्त खूण करायची, भोक आरीनेच. आरी मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगची. कड घासायला बाभळीचाच गोल दांडा, लेथवर खोबणी पाडून. पाणी लावून घासलं की सालीत कमावलेल्या चामड्याची कड काचेसारखी होते. क्रोमने कमावलेल्या चामड्यावर ही मेहनत वाया जाते. बाभळीच्या सालीतच चामडं कमावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे, त्यामुळे बाभळीने कमावलं आणि बाभळीनेच घासलं, याची आप्पांना मोठी गंमत वाटली. पट्टे सारख्या रुंदीचे कापायला लाकडी ठोकळ्यात कटरचं पातं बोल्टने आवळलं. बोल्टच्या डोक्यावर कानशीने आठ पाकळ्यांचं फूल कोरून ठसा केला. ओलसर चामड्यावर ठसा उठवायला पोलाद कडक लागत नाही, म्हणून त्याला तापवलंच नाही.

कड तासायचं हत्यार मात्र छत्रीच्या काडीपासून करायचा प्रयत्न दोनदा फसला. काडी आतून पन्हाळीसारखी असते, आकार अगदी तोच, पण पत्रा इतका पातळ की जाड चामड्यात वाकतो. तिसऱ्यांदा करू दिलं नाही, विकत आणायला लावलं. संपूर्ण यादीत विकत घेतलेलं हेच एक, शिवाय सुया आणि दोरा.

निकाल

यात्रेच्या आदल्या दिवशी सव्वीस मोहरक्या गेल्या, चार नंतर. व्यापाऱ्याने चारांचे पैसे कमी दिले आणि पुढच्या वर्षासाठी नाव लिहून घेतलं. यात्रा संपेपर्यंत भोक फाटल्याची तक्रार आली नाही. पाच मिलिमीटरचा पंच तीनशे भोकांत दोनदाच परजावा लागला. हत्यारांचा एकूण खर्च, लेथवाला आणि विकतचं हत्यार धरून, अकराशेच्या घरात.

हे झालं कागदावरचं. पंचेचाळीस दिवसांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा हत्यारांत गेला. तो भरून काढला काकूंनी आणि सुनेने, रात्री बारापर्यंत टाके घालून. ती मजुरी हिशेबात कुठेच धरलेली नाही. मी विचारलं तेव्हा काकू हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पाच मिलिमीटरचा एक चांगला पंच पहिल्याच दिवशी विकत घ्यायला हवा होता. ऑर्डर त्या एका भोकावर अडली होती. रापी, आरी, ठसा, दांडा ही हत्यारं चुकली तरी काम थांबत नाही. ती भंगारातून करायची. अडवणारं हत्यार विकत घ्यायचं, आणि यात्रा संपल्यावर निवांत त्याची नक्कल करायची. आम्ही उलट केलं, कारण मोठी बचत पंचातच दिसत होती.

ठिणगीची परीक्षा पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे भंगारवाल्याला विचारणं, हे आधी काय होतं. सतत वाकून परत येणाऱ्या भागाचं पोलाद स्प्रिंगचं असणार, कापणाऱ्याचं कापणारं, आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळीत कुणी महागडं पोलाद घालत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी पोकळीला भुललो.

जुन्या स्प्रिंगबद्दल एक सावधगिरी राहिलीच होती. लाखो हेलकावे खाल्लेल्या स्प्रिंगमध्ये न दिसणारी चीर असू शकते. आमच्या पहिल्या तुकड्याची चीर पाण्याने पडली की आधीचीच होती, हे आता कळायला मार्ग नाही. दुसऱ्या वेळी आम्ही तुकडा तेल लावून, पुसून, वर खडूची भुकटी टाकून पाहिला. चीर असेल तर तेल खडूवर रेघ उमटवतं. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

मुलामा असलेला, रंगवलेला, क्रोम चढवलेला कुठलाही तुकडा भट्टीत जाता कामा नये. पुतण्याने भट्टीजवळच्या भिंतीवर कोळशाने 'जीआय नाही' असं लिहिलंय. चष्मा तो आता घालतो, निदान मी समोर असलो की.

आप्पांच्या रापीचं मात्र वेगळं काही करता आलं असतं का, मला माहीत नाही. पोराने विचारून न्यायला हवी होती एवढंच म्हणता येईल. पण विचारलं असतं तर त्यांनी दिलीच नसती.

अर्धगोल पंच अजून झालेला नाही. ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा त्यासाठी बाजूला ठेवलाय. तोवर पट्ट्याच्या टोकावर आप्पा एक रुपयाचं नाणं ठेवतात, अंगठ्याने दाबतात, आणि त्या उरल्यासुरल्या रापीने एका झटक्यात गोल कापतात.